साय घेऊन दूध परत

वर्षातून तीन-चार वेळा रक्त देणाऱ्या माणसाला रक्तपेढीत थोडा मान असतो. अर्जाचा कोणता रकाना कसा भरायचा, कोणत्या हाताची शीर चांगली, सुई टोचताना नजर कुठे ठेवायची, हे त्याला पाठ झालेलं असतं. कॉटवर आडवं व्हायचं, मुठीतला चेंडू दाबत राहायचं, आठ-दहा मिनिटांत पिशवी भरते. मग कॉफी, ग्लुकोजची बिस्किटं, आणि गडी परत कामावर. तोच माणूस पहिल्यांदा प्लेटलेट द्यायला येतो तेव्हा मात्र नवशिका ठरतो.

आधी तर त्याला लगेच झोपवतच नाहीत. नमुना घेतात आणि काउंट बघतात. प्लेटलेट मायक्रोलिटरला दीड लाखाच्या वर हव्यात. एचआयव्ही, कावीळ, मलेरिया या तपासण्या एरवी रक्त घेऊन झाल्यावर होतात, इथे त्या आधी होतात, कारण यंत्राला लावायचा नळ्यांचा संच महाग असतो आणि तो एकदाच वापरता येतो. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली होती का, हेही विचारलं जातं. हो म्हटलं की आल्या पावली परत. ॲस्पिरिनची एक गोळी त्या वेळी अंगात असलेल्या प्लेटलेटना जन्मभरासाठी निकामी करते. हा जन्म आठ-दहा दिवसांचाच असतो, पण रुग्णाला तेवढाही वेळ नसतो.

मग तंत्रज्ञ कोपराची खोबण चाचपतो. इथे शीर नुसती दिसून भागत नाही. तिला तास-दीड तास दोन्ही दिशांची वाहतूक पेलायची असते. सुई लागते, पंप फिरू लागतो, रक्त नळीतून यंत्रात शिरतं. थोड्या वेळाने पंप उलटा फिरतो आणि तेच रक्त त्याच सुईतून परत हातात येतं. थंडगार. अंगातून निघालेलं रक्त वाटेत गार होऊन येतं आणि कोपरापासून दंडापर्यंत कुणीतरी पाण्याची ओली पट्टी ओढत नेल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ओठांवर मुंग्या येतात. रक्तदाता जीभ फिरवून बघतो, बोलू की नको असं करतो आणि शेवटी सांगतो. तंत्रज्ञाला हे नवीन नसतं. तो चघळायला कॅल्शियमची गोळी देतो आणि यंत्राचा वेग एक खूण खाली आणतो.

या मुंग्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत म्हटलं तरी चालेल. शरीराबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं, त्यामुळे पूर्वी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची शीर समोरासमोर जोडण्याखेरीज फारसा इलाज नव्हता. १९१४ साली ब्रुसेल्समध्ये आल्बेर उस्तँ आणि ब्वेनोस आयरेसमध्ये लुईस आगोते यांनी रक्तात सोडियम सायट्रेट मिसळून ते पातळ ठेवलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रिचर्ड लेविसोन यांनी त्याचं सुरक्षित प्रमाण ठरवून दिलं. सायट्रेट रक्तातल्या कॅल्शियमला पकडून ठेवतं, त्यामुळे गुठळी होत नाही. एरवीच्या रक्तदानात ते पिशवीत असतं आणि दात्याशी त्याचा संबंध येत नाही. प्लेटलेट देताना रक्त परत येतं आणि सायट्रेटही त्याच्याबरोबर येतं. ओठांवर जाणवतं ते हेच.

रक्त बाहेर टिकू लागलं तेव्हा ते साठवायची सोय झाली. शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये १९३७ साली बर्नार्ड फँटस यांनी या सोयीला बँक म्हटलं. मराठीने त्याची रक्तपेढी केली, आणि ते भाषांतर मूळ शब्दापेक्षा सरस उतरलं. पेढी म्हटलं की गादी, तक्क्या, खातेवही आणि देवघेव डोळ्यांसमोर येते. त्या पेढीवरच्या बाटल्या काचेच्या होत्या. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी काढलेली प्लास्टिकची पिशवी आली, ऐंशीच्या दशकात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या तंत्रावर ती भारतातही बनू लागली, आणि काच गेली. शब्द मात्र राहिला. आजही आपल्याकडे माणूस ‘एक बाटली रक्त’ देतो आणि रुग्णाला ‘दोन बाटल्या चढवतात’. नियमित रक्तदात्याचा हिशेबही बाटल्यांतच चालतो. चाळिसावी, पन्नासावी.

पेढीच्या आधीची एक पद्धत इथे सांगायला हवी, कारण प्लेटलेट देणारा माणूस नकळत तिच्याकडेच परतलेला असतो. लंडनमध्ये रेड क्रॉसच्या कँबरवेल शाखेचे सचिव पर्सी ऑलिव्हर यांना १९२१ साली किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधून निरोप आला, की तातडीने रक्त देणारं माणूस हवं आहे. ऑलिव्हर काही स्वयंसेवकांना घेऊन गेले आणि त्यांच्यातल्या एका परिचारिकेचं रक्त जुळलं. त्यानंतर त्यांनी रक्त द्यायला तयार असलेल्यांची यादी केली. रक्तगट तपासून कार्डं लिहिली आणि टेलिफोनवर बोलावणी धाडायला सुरुवात केली. रक्त साठवलेलं नसे. ज्याच्या अंगात ते असेल त्यालाच निरोप जाई, मग तो जेवत असो की झोपलेला.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोलकात्यात पेढी सुरू झाली, पुढे मोठ्या शहरांत झाल्या, पण त्या भरायच्या कोणी? बराच काळ त्या भरल्या पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांनी. इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभी असणारी, पुरेसं जेवणही न मिळणारी ही माणसं पुन्हा पुन्हा सुईखाली यायची. त्यांचं रक्त पातळ, आजारांची भीती मोठी. याविरुद्ध मुंबईत १९५४ पासून लीला मुळगावकर उभ्या राहिल्या. कारखाने, कचेऱ्या, कॉलेजं इथे जाऊन त्यांनी ऐच्छिक रक्तदानाचा आग्रह धरला. टेल्कोच्या उभारणीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या सुमंत मुळगावकरांच्या त्या पत्नी, पण रक्तदानाच्या इतिहासात त्यांची ओळख स्वतःची आहे. १९७१ साली रक्तसंक्रमणाच्या क्षेत्रातल्यांची अखिल भारतीय संघटना निघाली, आणि १९७५ पासून १ ऑक्टोबर हा ऐच्छिक रक्तदानाचा दिवस ठरला.

तरी रक्तविक्री चालूच होती. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेणं देशभर बंद झालं. महाराष्ट्रात ही पोकळी शिबिरांनी भरून काढली. गणेशोत्सव, जयंत्या, पुण्यतिथ्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस, असं निमित्त मिळालं की मांडव पडतो, फ्लेक्स लागतो, रक्तपेढीची गाडी येते. या शिबिरांची चेष्टा करायची पद्धत आहे. फोटो, प्रमाणपत्र, भेट म्हणून हेल्मेट किंवा टिफिन, यांवर हसता येतं. पण फाटकाबाहेरच्या त्या माणसाची जागा याच मांडवांनी घेतली, हे हसणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. रुग्णाच्या नातेवाइकाला रक्तासाठी दारोदार फिरावं लागू नये, पेढीत ते आधीच असावं, हा या सगळ्या चळवळीचा गाभा होता. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, त्यामुळे हे साधलंही. परीक्षा, उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळी हे दिवस तेवढे ओढीचे.

प्लेटलेटने हे गणित बिघडवलं.

मुळात हिचा शोधच उशिरा लागला. लाल पेशी सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली आल्या होत्या. प्लेटलेट त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नसते, म्हणून ती दिसली तरी कचरा समजली गेली. तूरिनच्या जूलिओ बित्सोझेरो यांनी जिवंत गिनीपिगच्या आतड्याजवळच्या पडद्यातल्या बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, आणि वाहिनीला इजा झाली की हे चपटे कण सर्वांत आधी धावत येऊन तिथे चिकटतात, हे पाहिलं. त्यांचं लिखाण १८८१-८२ मधलं. त्यांनी नाव दिलं त्याचा अर्थ छोट्या ताटल्या. आपल्या पाठ्यपुस्तकात ती रक्तपट्टिका झाली, पण बोलण्यात तो शब्द कधी आलाच नाही. गावाकडे डेंग्यू झाला की ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असंच सांगतात. पांढऱ्या पेशी निराळ्या, त्यांचं काम निराळं. पण फोनवर ऐकणाऱ्याला बरोबर कळतं काय कमी झालंय ते, आणि तो गाडी काढतो.

रक्तस्राव थांबत नसलेल्या रुग्णाला दुसऱ्याचं ताजं रक्त दिलं तर तो थांबतो, हे १९१० साली बॉस्टनमध्ये विल्यम ड्यूक यांनी दाखवलं. त्यांची चाचणी कुठल्याही घरात करता येण्यासारखी होती. कानाच्या पाळीला बारीक टोचायचं आणि ठरावीक वेळाने टिपकागद लावत राहायचा. कागदावरचे डाग लहान होत गेले की रक्त थांबतंय. रक्त दिल्यावर डाग झपाट्याने लहान झाले. काही दिवसांनी प्लेटलेट घटल्या तसे पुन्हा मोठे झाले. म्हणजे उपाय सापडला होता आणि त्याची मुदतही.

पुढची चाळीसेक वर्षं या ज्ञानाचा उपयोग फारसा झाला नाही, कारण पेढीतल्या गार, जुन्या रक्तात प्लेटलेट जिवंत राहत नसत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९५५ साली एमिल फ्रायराइश नावाचा तरुण डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांच्या वॉर्डात आला. तिथल्या उशा, चादरी आणि परिचारिकांचे कपडे रक्ताने भिजलेले असत, असं तो पुढे सांगत असे. मुलं कर्करोगाने जात त्याआधीच रक्तस्रावाने जात. काउंट आणि रक्तस्राव यांचं नातं त्याने आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली आकड्यांत मांडलं. काउंट जितका खाली, रक्तस्राव तितका जास्त. म्हणजे या मुलांना प्लेटलेट द्यायला हव्यात, आणि पुन्हा पुन्हा द्यायला हव्यात. पण एका पिशवीतल्या प्लेटलेटनी काही होत नाही, पाच-सहा जणांच्या लागतात. तेवढे दाते रोज आणायचे कुठून?

तिथे एक जुनी युक्ती उपयोगी पडली. १९१४ साली जॉन एबल यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना रक्तातला पातळ भाग काढून पेशी परत घातल्या होत्या. आता माणसाच्या बाबतीत तेच हाताने सुरू झालं. एक पिशवी रक्त काढायचं, फिरवायचं, प्लेटलेट ठेवून लाल पेशी त्याच दात्याला परत द्यायच्या, मग दुसरी पिशवी. लाल पेशी परत मिळाल्यामुळे दाता अशक्त होत नसे आणि काही दिवसांत पुन्हा येऊ शकत असे. धोका एकच, आणि तो भयंकर. दोन शेजारी कॉटवरच्या दात्यांच्या पिशव्या अदलाबदल झाल्या तर निरोगी माणूस दुसऱ्याच्या रक्ताने दगावायचा. पिशवीला दात्यापासून वेगळं करायचंच नाही, अशी काही सोय हवी होती.

ती सोय दुधाच्या धंद्यातून आली. हार्वर्डचे एडविन कोन रक्ताचे घटक वेगळे करण्याच्या मागे होते. गावच्या डेअरीत ज्यांनी मलई काढायचं सेपरेटर पाहिलं आहे, त्यांना त्यांचं यंत्र लगेच समजेल. भांडं गरागरा फिरलं की जड दूध बाहेरच्या कडेला जातं, हलकी साय मध्याकडे येते, आणि दोन तोट्यांतून दोघं वेगळी बाहेर पडतात. कोन यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच तत्त्वावर रक्तासाठी यंत्र केलं. रक्तातही लाल पेशी कडेला जातात, पिवळसर द्रव मध्ये राहतो, आणि दोघांच्या सीमेवर एक पातळ, फिकट थर धरतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्या थरात असतात. साय म्हणावी तर हीच, फक्त इथे ती वरती न येता मध्ये अडकते.

सलग चालणारं यंत्र मात्र एका बापाने केलं. जॉर्ज जडसन आयबीएममध्ये अभियंता होता. १९६२ साली त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला आणि उपचार फ्रायराइशच्याच संस्थेत सुरू झाले. पेशी हाताने वेगळ्या करण्याचा तो कंटाळवाणा कारभार जडसनने पाहिला आणि आपण याचं यंत्र करू शकतो असं डॉक्टरांना सांगितलं. कंपनीने त्याला त्यासाठी मोकळं केलं. १९६५ च्या सुमाराला दात्याला थेट जोडलेलं यंत्र चालू लागलं. एका हातातून रक्त निघे, फिरत्या भांड्यात थर वेगळे होत, नको ते दुसऱ्या हातात परत जाई. दात्याचे दोन्ही हात अडकलेले, नाक खाजवायलाही दुसऱ्याला सांगावं लागायचं. बॉस्टनच्या ॲलन लेथमनी घंटेच्या आकाराचं, फेकून देता येणारं भांडं काढलं आणि १९७१ मध्ये त्यासाठी हेमोनेटिक्स ही कंपनी स्थापन केली. त्या पद्धतीत रक्त आळीपाळीने घ्यायचं आणि परत करायचं असल्यामुळे एका सुईवर भागू लागलं. आज आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत दिसणारी यंत्रं याच दोन घराण्यांतली किंवा त्यांच्या भावकीतली. आयबीएमने आपली यंत्रं १९८४ साली कोब कंपनीला विकली आणि ती पुढे हात बदलत गेली, एवढं सांगितलं तरी पुरे.

उरला प्रश्न साठवणुकीचा. रक्त म्हटलं की फ्रीज, असं सगळ्यांना वाटे. प्लेटलेटही चार अंशांवर ठेवत. १९६९ साली स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी दाखवलं, की थंडीत प्लेटलेट आपला चपटा आकार सोडून गोल होते आणि रुग्णाला दिल्यावर अंगात टिकतच नाही. तिला लागतं खोलीचं तापमान, वीस ते चोवीस अंश, आणि सतत हलवणं. म्हणून प्लेटलेट कपाटातल्या हलत्या फळीवर ठेवतात. पण उबेत जंतूही वाढतात. मुदत पाच दिवस.

हे पाच दिवस आले आणि शिबिराची घडी विस्कटली. शिबिरातल्या रक्तातूनही प्लेटलेट काढता येतात, त्यांना रक्तपेढीत आरडीपी म्हणतात. पण त्यासाठी रक्त सहा-आठ तासांत पेढीत येऊन फिरवलं जायला हवं. लांबच्या तालुक्यातलं शिबिर आटोपून, सत्कार उरकून गाडी रात्री परत येते तोवर ती वेळ बरेचदा टळलेली असते. आणि रविवारी पाचशे जणांनी दिलेल्या प्लेटलेट शुक्रवारी संपलेल्या असतात. यंत्रावर एका दात्याकडून घेतलेली पिशवी म्हणजे एसडीपी. नातेवाइकांच्या भाषेत ‘जंबो पॅक’. तिच्यात किमान तीनशे अब्ज प्लेटलेट हव्यात, पाच-सहा आरडीपींचं काम एकटी करते. ती मागणीनंतरच बनते. म्हणजे आधी रुग्ण, मग फोन, मग दाता. ज्या धावपळीतून नातेवाइकांची सुटका करायला शिबिरं उभी राहिली, ती धावपळ प्लेटलेटने मागच्या दाराने परत आणली. ऑलिव्हरच्या कार्डांची जागा व्हॉट्सॲपच्या निरोपांनी घेतली एवढंच. त्यातले अर्धे निरोप गरज संपल्यावरही आठवडाभर फिरत राहतात.

पावसाळा सरत आला की हे निरोप वाढतात. डेंग्यूच्या वॉर्डाबाहेर क्रिकेटच्या धावांसारखा काउंट विचारला जातो. सकाळी बावन्न हजार, संध्याकाळी एक्केचाळीस. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, जो जे सांगेल ते. खरं तर डेंग्यूत काउंट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत किंवा रक्तस्राव सुरू होईपर्यंत प्लेटलेट देऊ नयेत, अशीच वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आहे. बहुतेकांचा काउंट आपला आपण चढतो. पण पन्नास हजारांवर घाबरलेला मुलगा डॉक्टरांच्या मागे लागतो आणि जंबो पॅकसाठी गाव धुंडाळतो. ज्यांना ती पिशवी खरोखर लागते ते रुग्ण परळला असतात. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा हॉस्पिटलात, केमोथेरपीने ज्यांची अस्थिमज्जा काही आठवडे काम थांबवते असे, जळगावहून किंवा बिहारमधून आलेले, मुंबईत एकही ओळखीचा माणूस नसलेले. त्यांच्यासाठी फोन करायला यादीच नसते.

नियम दात्याच्या बाजूने सैल आहेत. रक्त दिल्यावर पुरुषाला नव्वद दिवस आणि स्त्रीला एकशे वीस दिवस थांबावं लागतं. प्लेटलेट अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा देता येतात, आठवड्यातून दोनदा, वर्षात चोवीसदा. तरीही शिबिरात वर्षानुवर्षं रक्त देणारी मंडळी इकडे फारशी वळत नाहीत. सुईची भीती त्यांना नसते. कारण बहुधा साधं असतं, त्यांना कोणी बोलावलेलंच नसतं. शिवाय दीड तास एका जागी पडून राहायचं, शेजारी ओळखीचं कोणी नाही, मांडव नाही, लाउडस्पीकर नाही.

यंत्र शेवटचं एकदा शिटी वाजवतं. सुई निघते, कापसाचा बोळा, हात दुमडून वर. दात्याच्या अंगातलं अडीच-तीन लिटर रक्त या तासाभरात बाहेर फिरून आलेलं असतं आणि मागे राहिलेली पिशवी असते जेमतेम पाव लिटरची. ताकावरच्या निवळीच्या रंगाची. लाल नाही, याचंच त्याला आश्चर्य वाटतं. तंत्रज्ञ ती उजेडासमोर धरून हलवतो. आत धुरासारखे वेटोळे फिरतात. निरोगी, चपट्या प्लेटलेट असल्या की असे दिसतात. चिठ्ठीवर पाच दिवसांनंतरची तारीख पडते, पण पिशवी तेवढी थांबणार नसते, खाली रुग्णाचा भाऊ उभा असतो.

कॉफी घेताना दाता खिशातून आपलं जुनं कार्ड काढतो. त्यावर ओळीने तारखा, एकोणचाळीस बाटल्या. चाळिसावी म्हणून हीच लिहायची का, असं तो काउंटरवरच्या बाईंना विचारतो. बाई कार्ड उलटंसुलटं करून बघतात. त्यावर तसा रकानाच नसतो.